कंबरेतील गादीचे दुर्बिणीतून ऑपरेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘गादी सरकली’ म्हणतात तेव्हा नक्की काय सरकलेले असते?

खरे तर गादी जागची हलत नाही. दोन मणक्यांमधली चकती करंजीसारखी असते. बाहेर तंतूंचे चिवट आवरण आणि आत मऊ गर. आवरणाला मागच्या बाजूने चीर पडली की सारण बाहेर डोकावते आणि शेजारून जाणाऱ्या नसेवर बसते. चोळून, झटका देऊन किंवा पाठीवर पाय देऊन बाहेर आलेले सारण आत जात नाही. उलट चीर मोठी होण्याचा धोका असतो, म्हणून पाय दुखत असताना असल्या उपायांच्या वाटेला जाऊ नका.

हे दहापैकी नऊहून अधिक वेळा कंबरेच्या शेवटच्या दोन गाद्यांत होते: एल-४ व एल-५ यांच्यामधली आणि एल-५ व एस-१ यांच्यामधली (एल-४, एल-५ म्हणजे कंबरेचे चौथा व पाचवा मणका, एस-१ म्हणजे त्यांच्या लगेच खालचा). एल-५ ची नस दबली तर पायाचा अंगठा वर उचलताना जोर कमी पडतो आणि चप्पल पायातून निसटते. एस-१ दबली तर चवड्यावर उभे राहता येत नाही, कळ पोटरीतून टाचेकडे आणि करंगळीच्या बाजूला उतरते.

नुसती कंबर धरली असेल आणि पायात काहीच नसेल, तर ती बहुतेक वेळा उसण असते. दुर्बिणीचे ऑपरेशन पायाच्या दुखण्यासाठी आहे. नुसत्या कंबरदुखीसाठी ते केले, तर पैसे जातात आणि दुखणे राहते.

एमआरआयमध्ये तीन ठिकाणी ‘डिस्क बल्ज’ (गादीचा फुगवटा) लिहून आले आहे. तिन्हींचे ऑपरेशन करावे लागेल का?

बहुधा एकाचेही नाही. कंबर कधीच न दुखलेल्या लोकांचे एमआरआय काढले, तर विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या सुमारे ८४ टक्के लोकांत बल्ज दिसतो. केस पांढरे होतात तसेच ते आहे. महत्त्वाचे असते ते जुळणे: कळ ज्या नसेच्या वाटेने जाते, तपासणीत ज्या नसेचा जोर किंवा स्पर्श कमी आहे, त्याच नसेवर, त्याच बाजूला, त्याच पातळीवर एमआरआयमध्ये दाब दिसतो का? उजवा पाय दुखतो आणि गादी डावीकडे आली आहे, असे असेल तर ऑपरेशनचा विषय तिथेच थांबला पाहिजे.

म्हणून फक्त रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाहून ऑपरेशनचा सल्ला मिळाला, तर तो घेऊ नका. फिल्म किंवा सीडी घेऊन जा. डॉक्टरांनी तुम्हाला पलंगावर झोपवून सरळ पाय वर उचलून पाहिला पाहिजे, अंगठ्याचा जोर तपासला पाहिजे, टाचांवर आणि चवड्यांवर चालवून पाहिले पाहिजे. याला पाच-सात मिनिटे लागतात.

ऑपरेशनशिवाय बरे होते का? किती दिवस थांबायचे?

बहुतेकांचे होते, आणि सहा ते बारा आठवड्यांत होते. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेते. गंमत म्हणजे तुटून सुटा पडलेला मोठा तुकडा पुष्कळदा लहान फुगवट्यापेक्षा लवकर विरतो, म्हणून रिपोर्टमधल्या ‘सिक्वेस्टर्ड’ या शब्दाने लगेच घाबरून जायचे नाही.

नेदरलँड्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका (नस दबून पायात उतरणारी कळ) असलेल्या २८३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली होती: निम्म्यांचे लवकर ऑपरेशन, निम्म्यांना थांबून उपचार. वर्षाअखेर दोन्ही गटांची स्थिती जवळजवळ सारखी होती. लवकर ऑपरेशन झालेल्यांचे दुखणे मात्र बऱ्याच आधी गेले, आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करून घ्यावेच लागले. याचा व्यवहारातला अर्थ असा, की पायातला जोर शाबूत असेल तर ऑपरेशन लवकर बरे होण्यासाठी करायचे असते, अपंगत्व टाळण्यासाठी नाही. कळ सोसता येत असेल, झोप लागत असेल, आठवड्यागणिक थोडा फरक पडत असेल, तर थांबा. सहा आठवडे गोळ्या, चालणे, फिजिओथेरपी आणि गरज पडल्यास नसेजवळचे इंजेक्शन करूनही रात्र बसून काढावी लागत असेल, तर ऑपरेशनचा विचार करणे रास्त आहे.

महिनाभर पलंगावर पडून राहणे हा उपचार नाही. दोन-तीन दिवसांच्या वर झोपून राहिल्याने स्नायू ढिले पडतात, दुसरे काही साधत नाही.

कधी अजिबात थांबायचे नाही?

लघवी अडकणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर होणे, दोन्ही पायांत एकदम कळ आणि अशक्तपणा. यातले काहीही झाले तर मणक्याच्या शेवटचा नसांचा संपूर्ण झुपका दबला आहे असे धरून त्याच दिवशी, रात्र असेल तर त्याच रात्री, एमआरआय आणि मणक्याचे सर्जन दोन्ही असलेल्या मोठ्या रुग्णालयात जायचे. इथे तास मोजले जातात. ४८ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर दाब काढावा लागतो, नाहीतर लघवीची नळी कायमची मागे लागू शकते. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये स्वतः गाडी चालवत जाऊ नका. १०८ ला फोन करा.

पाऊल लोंबकळू लागले, म्हणजे चालताना चवडा जमिनीवर फटफट आपटू लागला, तर काही दिवसांत निर्णय घ्यायला हवा. आणि एक फसवी गोष्ट ध्यानात ठेवा: कळ अचानक थांबली पण पाय लुळा वाटू लागला, तर ते बरे होणे नव्हे. नस दमली आहे.

दुर्बिणीचे ऑपरेशन म्हणजे लेझरच ना?

नाही. जाहिरातीत ‘लेझर’, ‘बिनटाक्याचे’, ‘१५ मिनिटांत’ असे सगळे एकत्र कालवलेले असते. दुर्बीण म्हणजे सुमारे ६ ते ७ मिलिमीटर जाडीची धातूची नळी. तिच्यात कॅमेऱ्याची काच, प्रकाश, पाणी जाण्या-येण्याची वाट आणि अवजार घालायला साधारण ४ मिलिमीटरची जागा, हे सगळे एकात. गर काढतात तो बारीक चिमट्याने. रक्तस्राव थांबवायला आणि आवरणाची चीर आकसायला रेडिओफ्रिक्वेन्सीचा प्रोब (विजेच्या लहरींनी शेक देणारी बारीक सळई) वापरतात. लेझर काही सर्जन वापरतात, पण ते मुख्य अवजार नाही.

‘दुर्बीण’ या एका शब्दाखाली इथे तीन वेगळ्या गोष्टी खपतात. एक, वर सांगितलेली एकाच छिद्रातली. दोन, १६ ते १८ मिलिमीटरच्या नळीतून केलेले. तीन, दोन छिद्रांतून केलेले, एकात कॅमेरा आणि दुसऱ्यात अवजार. तिन्ही रीतसर पद्धती आहेत. आपल्यावर कोणती होणार हे आधी विचारून घ्या.

छिद्र पाठीला पाडतात की बाजूला?

दोन वाटा आहेत. बाजूची वाट नस जिथून मणक्याबाहेर पडते त्या खिडकीतून आत जाते. तिथे नसांच्या मधोमध एक त्रिकोणी मोकळी जागा असते. पार्विझ कॅम्बिन या सर्जनच्या नावाने ती ओळखली जाते, आणि ही सगळी पद्धत त्या त्रिकोणावर उभी आहे. एल-४ व एल-५ साठी छिद्र मध्यरेषेपासून साधारण १० ते १२ सेंटिमीटर बाहेर, म्हणजे कंबरपट्ट्याच्या जरा वर, कुशीकडे येते. अंगाने भारी माणसात आणखी बाहेर.

सगळ्यात खालच्या गादीसाठी ही वाट अनेकदा अडते, कारण खुब्याच्या हाडाची कड आडवी येते, विशेषतः पुरुषांत. तेव्हा मागून, दोन मणक्यांच्या कमानींमधल्या फटीतून जातात. त्या पातळीवर ही फट सर्वांत रुंद असते, म्हणून हाड फारसे कोरावे लागत नाही. मागच्या वाटेला बहुधा पूर्ण भूल देतात.

थिएटरमध्ये पायरीपायरीने काय होते?

बाजूच्या वाटेचे सांगतो. रुग्णाला पालथे झोपवून छाती आणि खुब्याखाली उशा देतात, म्हणजे पोट मोकळे राहते आणि शिरांवरचा दाब कमी होऊन रक्त कमी येते. सी-आर्म नावाच्या क्ष-किरण यंत्राखाली पातळी मोजून कातडीवर पेनाने खूण करतात. या खुणेला घाई करायची नसते. चुकीच्या पातळीवरचे ऑपरेशन टाळण्याची जागा हीच.

कातडी आणि स्नायू लिग्नोकेनने बधिर करून १८ गेजची लांब सुई त्रिकोणापर्यंत नेतात. सुईतून गादीत निळा रंग सोडतात. खराब झालेला गर निळा दिसतो, नस पांढरी-पिवळी राहते, आणि पडद्यावर दोन्ही वेगळे ओळखता येतात. मग सुईतून तार, तारेवरून एकात एक बसणाऱ्या जाड होत जाणाऱ्या नळ्या, आणि शेवटी ७ ते ८ मिलिमीटरची काम करायची नळी. स्नायू कापत नाहीत, तंतू बाजूला सारतात. खिडकी अरुंद असेल तर सांध्याच्या हाडाची कड रीमरने किंवा बारीक ड्रिलने थोडी कोरतात. रुग्णाला जागेपणी खरखर जाणवते, पण दुखत नाही.

दुर्बीण आत गेली की सलाइनचा प्रवाह सतत चालू असतो. स्टँडवर तीन-तीन लिटरच्या पिशव्या टांगलेल्या दिसतील. पाण्यामुळे दिसते स्वच्छ, आणि जंतूंचीही धुलाई होते. पण दाब जास्त झाला किंवा परतीची वाट अडली, तर मणक्याच्या नळीतला दाब वाढतो. त्याची पहिली तक्रार कंबरेत नाही, मानेत येते. ‘मान दुखते’, ‘डोके जड झाले’ असे वाटले तर लाजून गप्प बसू नका, लगेच सांगा. पाणी कमी केले की उतरते. दुर्लक्ष झाले तर झटकेही येऊ शकतात.

गर चिमट्याने तुकड्या-तुकड्याने निघतो. एखादा डाळीएवढा, एखादा काजूच्या पाकळीएवढा. पूर्ण गादी काढत नाहीत, नसेवर बसलेला आणि सुटा झालेला भागच काढतात. काम झाल्याची खूण म्हणजे नस मोकळी दिसते, हृदयाच्या ठोक्याबरोबर हलते, आणि खोकायला सांगितले की सहज वरखाली होते. एक टाका, त्यावर पट्टी. एकूण साधारण ४५ ते ९० मिनिटे. तुकडा खाली-वर सरकलेला असेल तर जास्त.

जागे ठेवून का करतात?

भीती वाटणे साहजिक आहे, पण बाजूच्या वाटेत जागा रुग्ण हाच सर्वांत भरवशाचा मॉनिटर असतो. अवजार नसेला टेकले की तो ‘पायात करंट आला’ म्हणतो आणि सर्जन मागे येतो. गुंगीचे औषध मोजून देतात, बोलता येईल इतपत. पालथे तासभर पडून राहणे अनेकांना सुईपेक्षा जास्त नकोसे होते. मराठीत बोलणारा भूलतज्ज्ञ किंवा सिस्टर डोक्याशी असेल का, हेही विचारून ठेवावे. आयत्या वेळी ‘टिंगलिंग’ आणि ‘बर्निंग’ यांतला फरक सांगत बसण्यापेक्षा ‘मुंग्या’ आणि ‘आग’ लवकर कळते.

मोठ्या चिरेच्या ऑपरेशनपेक्षा हे चांगले का?

आधी तुलना बरोबर करू. आज प्रमाण मानले जाते ते मायक्रोस्कोपखालचे ऑपरेशन. त्याची चीर अडीच-तीन सेंटिमीटरची असते. तेही उत्तमच आहे. नेदरलँड्समधल्याच ६१३ रुग्णांच्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर पायदुखीच्या बाबतीत बाजूने केलेले दुर्बिणीचे ऑपरेशन उघड्या मायक्रोडिस्केक्टॉमीपेक्षा (म्हणजे अशा चिरेच्या ऑपरेशनपेक्षा) कमी पडले नाही. दुर्बिणीचे खरे फायदे सुरुवातीच्या आठवड्यांतले: रक्त कमी जाते, स्नायू कमी दुखावतात, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाता येते, आणि भूल झेपणार नाही अशा रुग्णाचेही करता येते.

तोटा सर्जनच्या हातात आहे. ही कला शिकायला वेळ लागतो, आणि शिकण्याच्या काळात तुकडा आत राहून जाण्याचे प्रमाण जास्त असते. मायक्रोस्कोपवर हात बसलेला सर्जन हा दुर्बिणीवर नवख्या सर्जनपेक्षा केव्हाही बरा. छिद्र लहान आहे, आतले काम लहान नाही.

हे ऑपरेशन कोणाला चालत नाही?

मणका मणक्यावरून पुढे घसरत असेल आणि हलताना अस्थिर असेल तर गर काढून भागत नाही. मणक्याची नळी सर्व बाजूंनी अरुंद झाली असेल, गादी दगडासारखी कडक झाली असेल, तुकडा फार दूर सरकला असेल, तर अनुभवी हातांनाही ते जड जाते. अंगात जंतुसंसर्ग असेल तर आधी तो आटोक्यात आणतात. पावसाळ्यात पाठीवर पुळ्या किंवा घामोळे चिघळलेले असेल तरीही ऑपरेशन चार दिवस पुढे ढकलतात.

आधी काय तयारी लागते?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी पहिल्याच भेटीत द्या. क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस आधी बंद करतात, पण हृदयात स्टेंट असेल तर हृदयतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही. साखर आटोक्यात हवी. घन अन्न सहा तास आधी बंद, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही. पहाटेच्या घोटभर चहामुळे ऑपरेशन दुपारवर जाते, हे हमखास घडते. तंबाखू आणि मिश्री जितके आधी सोडाल तितके बरे.

काय बिघडू शकते?

सर्वांत जास्त दिसणारे दोन: तुकडा शिल्लक राहणे आणि गादी पुन्हा बाहेर येणे. पहिल्यात पायाची कळ थांबतच नाही. दुसऱ्यात ती थांबते, काही दिवस किंवा महिने बरे जातात, आणि मग एका शिंकेसरशी परत येते. पुन्हा बाहेर येण्याचे प्रमाण साधारण ५ ते १० टक्के धरावे. आवरणाची चीर मोठी असेल, वजन जास्त असेल, तंबाखू चालू असेल तर ते वाढते.

बाजूच्या वाटेचा खास त्रास म्हणजे ऑपरेशननंतर मांडीत किंवा नडगीवर आग होणे, चादरीचा स्पर्शही नकोसा वाटणे. वरची नस नळीला घासल्याने हे होते. बहुतेकांत काही आठवड्यांत गोळ्यांवर उतरते, पण आधी सांगितले नसेल तर रुग्ण हादरतो. नसांभोवतीचे आवरण फाटले तर लहान छिद्र झोपून राहण्याने भरते, मोठे शिवावे लागते. गादीत जंतुसंसर्ग क्वचित होतो; एक ते चार आठवड्यांनी कूस बदलतानाही किंचाळायला लावणारी कंबरदुखी आणि सोबत कधी ताप, असे झाले तर सीआरपी (जंतुसंसर्गात वाढणारी रक्तातली खूण) तपासा, पेनकिलर वाढवत बसू नका.

बधिरपणा लगेच गेला नाही म्हणून ऑपरेशन फसले असे नसते. आधी कळ जाते, मग जोर येतो, मुंग्या आणि बधिरपणा सर्वांत शेवटी; त्याला महिने लागतात, आणि थोडा कधी कधी राहतोच.

घरी गेल्यावर काय करायचे, काय नाही?

तीन-चार तासांत उठून चालवतात. कातडीचे छिद्र आठ-दहा दिवसांत भरते, पण गादीच्या आवरणाची चीर भरायला सहा ते बारा आठवडे लागतात. बाहेरून काहीच दिसत नाही, दुखत नाही, म्हणून माणूस दहाव्या दिवशी वाकतो. गफलत इथे होते.

पहिले दोन आठवडे एका वेळी २० ते ३० मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. बसण्यात गादीवर उभे राहण्यापेक्षा जास्त दाब येतो. चालणे दिवसातून चार-पाच वेळा दहा मिनिटे, मग वाढवा. जिना चढायला हरकत नाही. सहा आठवडे मांडी घालून बसणे, भारतीय संडास आणि पाटावरचे जेवण बंद. कमोड नसेल तर भारतीय संडासावर ठेवायची प्लॅस्टिकची खुर्ची आणा. उचलायचे वजन पहिले दोन आठवडे दोन-तीन किलो, सहा आठवड्यांपर्यंत पाच. भरलेली बादली १५ ते २० किलोची असते, स्वयंपाकाचा भरलेला सिलिंडर जवळपास ३० किलोचा. पाणी मगाने भरा, सिलिंडरला हातच लावू नका. वाकून केर काढणे आणि कंबरेतून वळून कपडे पिळणे, या दोन्ही वेळा गादीवर वाकणे आणि पिळणे एकदम येते. म्हणून ती कामे घरातल्या दुसऱ्या कुणी करावीत.

कंबरेचा पट्टा? प्रवासात हवा तर दोन-तीन आठवडे. घरात दिवसभर नको.

कामावर आणि प्रवासाला कधी?

काम कोणते यावर ठरते. नवी मुंबईत महापे किंवा ऐरोलीत खुर्चीवर बसून काम असेल तर दोन ते तीन आठवड्यांनी, तेही सुरुवातीला घरून, दर अर्ध्या तासाने उठत. ठाणे-वाशी लोकलचा अर्धा तास बसून चालेल, पण गर्दीच्या वेळी दारात लोंबकळणे आणि उतरतानाचा धक्का सहा आठवडे टाळा. चारचाकी दोन-तीन आठवड्यांनी, ब्रेक जोरात दाबता येत असेल तरच. दुचाकी आणि रिक्षा चार ते सहा आठवडे नको. गायमुखच्या घाटातले आणि पावसाळ्यातल्या घोडबंदरवरचे खड्डे गादीला सरळ ठोके देतात, आणि मागे बसणाऱ्यालाही तेवढेच लागतात. तपासणीला यायचे असेल तर कारच्या पुढच्या सीटवर, पाठ मागे कलती करून.

वाशीच्या बाजार समितीत गोणी वाहणाऱ्या माथाडीला किमान तीन महिने, आणि खरे तर त्यानंतरही पाठीवर ५० किलोची गोणी घेण्याचे काम तसेच सुरू ठेवावे का, हा प्रश्न घरच्यांसोबत बसून सोडवावा लागतो. प्रमाणपत्रावर ‘हलके काम’ एवढेच लिहून घेऊ नका. किती किलोपर्यंत आणि किती आठवडे, हे आकड्यांत लिहून मागा. मुकादमाला आकडा दाखवता येतो.

खर्च आणि विम्याचे काय?

बिल फुगते ते एकदा वापरून टाकायच्या वस्तूंमुळे, मुख्यतः रेडिओफ्रिक्वेन्सी प्रोब. पॅकेजमध्ये प्रोब, दुर्बिणीचे भाडे, सी-आर्म आणि भूलतज्ज्ञ धरले आहेत का, हे लेखी घ्या. अनेक पॉलिसी अशा वस्तूंचे पैसे देत नाहीत, आणि गादीच्या आजाराला बऱ्याच पॉलिसींत पहिले २४ महिने संरक्षण नसते. विमा कंपनी आधी काय उपचार केले ते विचारते, म्हणून सहा आठवड्यांची औषधाची चिठ्ठी आणि फिजिओथेरपीच्या पावत्या फेकू नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. कोणत्या रुग्णालयात गादीचे कोणते ऑपरेशन बसते, ते योजनेच्या टेबलावरच्या आरोग्यमित्राला विचारा. दुर्बिणीचे न बसता मायक्रोस्कोपचे बसत असेल तर त्यात कमीपणा काही नाही. महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या आणि राज्य कामगार विम्यात (ईएसआय) असलेल्यांनी वाशी किंवा वागळे इस्टेटच्या कामगार रुग्णालयातून सुरुवात करावी.

ऑपरेशननंतर सगळे ठीक आहे ना, हे बघायला पुन्हा एमआरआय काढू का?

पाय दुखत नसेल तर काढू नका. पहिले काही महिने त्या जागी सूज, रक्ताचे अवशेष आणि भरत आलेला व्रण दिसतो. तो पूर्वीच्या गादीसारखाच दिसू शकतो, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याला तुम्ही बरे आहात हे ठाऊक नसते. बरा झालेला माणूस तो कागद वाचून पुन्हा आडवा होतो. कळ परत आली किंवा जोर कमी झाला तरच काढा, आणि तेव्हा शिरेतून रंगद्रव्य देऊन काढा, म्हणजे व्रण कुठला आणि नवा तुकडा कुठला हे वेगळे दिसते. त्यासाठी आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासतात, तो रिपोर्ट सोबत ठेवा. ऑपरेशनआधीची फिल्मही न्या.